पारध आणि चूल

शिकारीवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि स्वयंपाकावर तर त्याहूनही पुष्कळ. परंतु या दोन वाङ्मयांची परस्परांशी ओळख असावी असे दिसत नाही. शिकारकथेत बार होतो, पाखरू गिरक्या घेत खाली येते, शिकारी बंदूक खांद्यावरून उतरवितो आणि कथा तेथेच थांबते. पाकशास्त्राच्या पुस्तकात मांस धुऊन, तुकडे करून परातीत तयार असते. ते कोठून आले हे विचारण्याची तेथे रीत नाही. पाखरू जमिनीवर पडल्यापासून ताटात येईपर्यंत जे जे घडते, म्हणजे पिसे काढणे, कोठा साफ करणे, मांसात रुतलेले छर्रे बोटांनी चाचपून वेचणे, कोणास कोणता वाटा द्यावयाचा हे ठरविणे आणि चुलीपुढे बसून तो चिवट जीव मऊ करणे, ते सर्व दोन्हीकडून गाळले गेले आहे. ही गाळलेली जागा आम्हांस क्षुल्लक वाटत नाही. ती गाळल्यामुळे शिकारी तेवढा वीर ठरला, शिजविणारी स्त्री अदृश्य झाली, आणि ज्याने पोटासाठी पारध केली तो चोरांच्या यादीत गेला.

या प्रश्नाचा विचार सातारा-सांगलीकडील मुलखाच्या आधारे करणे सोयीचे आहे. साताऱ्याचे माण व खटाव हे तालुके आणि सांगलीकडील आटपाडी व जत, हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील कोरडा माळ आहे. आयुर्वेदाने देशांचे जे वर्ग केले, त्यांत अल्प पाण्याच्या व विरळ झाडांच्या प्रदेशास जांगल म्हटले आणि तेथील प्राण्यांचे मांस पचनास हलके मानले. पायांनी माती उकरून टिपणाऱ्या पाखरांस त्या शास्त्राने विष्किर असे नेमके नाव दिले. तित्तिर आणि लाव ही त्यांतील ठळक नावे, आणि हितकर पक्ष्यांत चरकाने अग्रस्थान दिले ते लाव्यास. माणदेशी माळावरचे तितर, चितूर, लावे व पखुर्ड्या पाहिल्या, म्हणजे वैद्यांनी हा वर्ग कोठेतरी अशाच माळावर उभे राहून केला असावा असे वाटू लागते.

वैद्यानंतर राजा. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘मानसोल्लास’ हा कोशवजा ग्रंथ रचला. त्याचा पिता सहावा विक्रमादित्य याने कऱ्हाडच्या शिलाहारांची कन्या चंद्रलेखा वरिली होती, ही बिल्हणाच्या काव्यामुळे प्रसिद्ध असलेली गोष्ट आहे. तेव्हा कृष्णाकाठचा हा मुलूख त्या राजवटीस परका नव्हता. गजानन श्रीगोंदेकर यांनी संपादिलेला हा ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत १९२५, १९३९ व १९६१ अशा तीन भागांत निघाला. ग्रंथाच्या एका विंशतीत अन्नभोग आहे आणि दुसरीत मृगयाविनोद, श्येनविनोद व मत्स्यविनोद आहेत. आमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की, येथे शिकार जाणणारा व जेवण जाणणारा एकच माणूस आहे. डुकराचे केस काढण्यास अंगावर वस्त्र पसरून कढत पाणी कसे ओतावे, अथवा माती लिंपून गवताच्या जाळावर कसे भाजावे. नदीकाठच्या शेतातला काळा उंदीर शेपटीस धरून तापल्या तेलात कसा बुडवावा, मग धुऊन, पोट फाडून आवळ्याबरोबर कसा शिजवावा. हे सर्व तो राजा यत्किंचितही न लाजता सांगतो. आमच्या मध्यमवर्गीय वाचकास उंदराच्या उल्लेखाने शहारे येतील. परंतु शहारा बाजूस ठेवून पाहिले तर कळेल की, ही भाषा ओशाळलेली नाही व फुशारकीचीही नाही. ती कामाची भाषा आहे. मराठी शिकारवाङ्मयास जी कधी साधली नाही, ती हीच.

मृगयेच्या प्रकरणात पाळलेले हरीण पुढे करून रानटी हरणे जवळ आणण्याची युक्ती आहे. फासेपारधी पाळीव तितर पिंजऱ्यातून माळावर नेतो, त्याच्या ओरडण्याने रानातले तितर भांडावयास येते आणि भोवती लावलेल्या फाशांत अडकते. दोन्ही युक्त्या मुळात एकच; परंतु एक विनोद या सदरात ग्रंथबद्ध झाली, आणि दुसरी १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यानंतरच्या काळात पोलिसांच्या दप्तरात.

मग मधल्या काळात ही कामाची भाषा हरपली कशाने? मांस निषिद्ध मानणाऱ्या घरांतून लेखक पुष्कळ आले, हे एक उत्तर नेहमी दिले जाते, आणि ते अर्धेच खरे आहे. आमच्या मते दुसरे कारण अधिक बलवत्तर आहे. इंग्रजी अमदानीत शिकार हा साहेबाचा व संस्थानिकाचा खेळ झाला, आणि खेळ म्हटला की त्याचे मोल जबड्याच्या लांबीवर व शिंगांच्या वेढ्यांवर ठरते, चवीवर नाही. मराठी शिकारकथेने हाच साचा उचलला. वाघ-बिबळ्यांचे मांस कोणी खात नाही, म्हणून त्या साच्यात चुलीस जागाच नव्हती. आणि जे खाण्याजोगे, ते तितर-लावे, लेखकांस फार बारीक वाटले. माळावरच्या माणसाच्या लेखी मात्र प्रमाण नेमके उलटे होते. त्यास वाघाशी काय करावयाचे? त्याचा संबंध सशाशी व लाव्याशी.

हे प्रमाण ओळखणारा मराठीतला मोठा लेखक त्याच मातीतून यावा हे स्वाभाविकच होते. व्यंकटेश माडगूळकर १९२७ साली आटपाडीकडील माडगुळ्यास जन्मले. तो भाग तेव्हा औंध संस्थानात होता. त्यांची ‘माणदेशी माणसं’ १९४९ मध्ये व ‘बनगरवाडी’ १९५५ मध्ये प्रसिद्ध झाली. या दोन पुस्तकांत माळ हा देखावा नाही. माळावर काय उगवते व काय उगवत नाही यावर तेथील माणसाचा स्वभाव, त्याची अब्रू व त्याचे पोट अवलंबून आहे. धर्मा रामोशाचे चित्र ज्यांनी वाचले आहे त्यांस ते धोतर शेवटी कोणाच्या अंगावर दिसते हे आठवत असेल. रामोशी ही राखणदारीची व रानाची जात. तिचे रान आटले म्हणजे तिच्या घरात काय उरते, हे त्या एका धोतराने सांगितले. असे लिहिणाऱ्यास शिकार म्हणजे भुकेचा एक व्यवहार आहे, हे निराळे शिकवावे लागत नाही.

परंतु येथेच आमची एक तक्रार आहे, आणि माडगूळकरांवरील आदर कमी न करता ती मांडता येते. तरुणपणी त्यांस शिकारीचा नाद होता. पुढे त्यांनी बंदूक ठेवली आणि दुर्बीण व चित्रवही उचलली. ‘जंगलातील दिवस’, ‘नागझिरा’ व १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळविणारी ‘सत्तांतर’ ही त्या पालटाची फळे होत. फळे उत्तम आहेत यात शंका नाही. पण बंदुकीबरोबर हंडीही खाली ठेवली गेली. दुर्बिणीतून पाहणारा माणूस कितीही प्रेमळ असला तरी तो जेवून आलेला असतो. त्याच्या दृष्टीत सौंदर्य व कुतूहल येते. मघाशी म्हटलेला वाटा, कोठा व छर्रा येत नाही. माणदेशातले तितर कसे ओरडते हे मराठी वाचकास ठाऊक झाले, ते कसे शिजते हे झाले नाही.

कोणी विचारील, त्यात सांगण्यासारखे तरी काय आहे? पुष्कळ आहे. रानपाखरू हे कोंबडी नव्हे. ते दिवसभर चालते, क्वचित उडते. म्हणून त्याच्या पायांचे मांस राठ व गडद, छातीचे कोवळे व फिके, आणि दोन्हींत चरबी नाममात्र. एकाच आचेवर दोन्ही शिजविली तर छातीचा भुसा होतो आणि पाय चिवटच राहतात. अमेरिकेतील शिकाऱ्यांपुढे हीच अडचण रानटर्कीच्या बाबतीत येते. ते छातीचा भाग वेगळा काढून थोडक्या वेळात भाजतात आणि पाय कित्येक तास मंद आचेवर ठेवतात. त्यावर तिकडे पुस्तकेच्या पुस्तके आहेत. आमच्याकडील उत्तर निराळे व, आम्हांस वाटते, अधिक चतुर आहे. भाजलेले सुके खोबरे, कांदा, लसूण व तिखट यांच्या वाटणात सर्व तुकडे एकत्र घालून पातळ कालवण करावयाचे. चरबीची उणीव खोबऱ्याच्या तेलाने भरून निघते, राठपणा रश्शात उतरतो, आणि मूठभर मांसात भाकरी कुस्करून घरातली सगळी माणसे जेवतात. पाखरू लहान व खाणारी तोंडे बहुत, या हिशोबातून ही पाककृती झाली आहे. भाजलेल्या पाखरास मालक असतो. रश्शास वाटेकरी असतात.

टर्कीचा विषय निघालाच आहे तर थोडे विषयांतर क्षम्य व्हावे. हा अमेरिकेचा पक्षी पोर्तुगिजांच्या जहाजांतून गोव्यास आला, आणि १६१२ साली मुकर्रबखानाने गोव्याहून जी अपूर्व जनावरे जहांगीर बादशहाकडे नेली त्यांत तोही होता. त्याच्या डोक्याचा व मानेचा रंग क्षणोक्षणी पालटतो याचे बादशहास मोठे नवल वाटले, आणि उस्ताद मन्सूरने त्याचे चित्र काढले. पोर्तुगीज भाषेत या पक्ष्यास पेरू म्हणतात. आमच्याकडे पेरू म्हटले की फळ पुढे येते. हिंदुस्थानात त्याची शिकार कधी झाली नाही, कारण येथे तो रानात कधी नव्हताच. पण त्याच्या मायदेशीच्या इतिहासात आम्हांस शिकण्याजोगे काही आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी बेसुमार हत्येमुळे तो तेथे दुर्मिळ झाला होता. १९३७ च्या कायद्याने बंदुका व काडतुसे यांवरील कराचे उत्पन्न वन्य प्राण्यांच्या संवर्धनास लावण्यात आले, आणि पाखरू पुन्हा राज्याराज्यांतून वाढले. तेथे शिकारी हा परवाना घेतलेला, कर भरणारा नागरिक राहिला, म्हणून त्याच्या चुलीचे वाङ्मयही उजळ माथ्याने वाढले.

आपल्या देशाने निराळा मार्ग घेतला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात काही प्राण्यांच्या शिकारीस परवान्याची वाट होती. १९९१ च्या दुरुस्तीने तीही बंद झाली. आज तितर, लावा अथवा ससा मारणे हाच नव्हे, त्याचे मांस बाळगणे हाही गुन्हा आहे. खाणावळींतून बटेर म्हणून जे मिळते ते बहुधा पाळलेले जपानी लावे असते. कायद्याविरुद्ध आमचे काही म्हणणे नाही. माळढोक ज्या वेगाने माळावरून नाहीसा झाला तो पाहता, बंदी आणखी लवकर यावयास हवी होती असेच कोणीही म्हणेल. मात्र या कायद्याचा भार सर्वांवर सारखा पडला नाही हे नमूद केले पाहिजे. संस्थानिकाने बंदूक भिंतीवर टांगली आणि त्याच्या आठवणींची पुस्तके निघाली. १९५२ साली गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द होऊन पारधी कागदोपत्री मोकळा झाला, आणि वीस वर्षांनी त्याचा परंपरागत धंदाच गुन्हा ठरला. त्याच्या आठवणी कोणी मागितल्या नाहीत. शहरातल्या ज्या घरांनी त्याच्याकडून जिवंत तितरांच्या जोड्या विकत घेतल्या, त्या घरांनीही त्याबद्दल काही लिहून ठेवले नाही.

पाककृतींच्या पुस्तकांकडून ही उणीव भरून निघेल अशी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. कमलाबाई ओगले यांची १९७० ची ‘रुचिरा’ सांगलीच्या स्वयंपाकघरात मुरलेल्या हाताने लिहिलेली आहे. वाटी-चमच्याचे तिचे माप हजारो नववधूंच्या उपयोगी पडले. ते घर निराळे, त्याची चूल निराळी. अपेक्षा करावयाची ती आत्मकथनांकडून. फलटणकडील लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० साली आले, भीमराव गस्ती यांचे ‘बेरड’ त्यानंतर. भटक्या व विमुक्त घरांतील भूक त्यांमुळे मराठी वाचकाच्या दिवाणखान्यात येऊन बसली. परंतु ती बहुधा अन्न न मिळण्याची कथा आहे. अन्न मिळाले त्या दिवशी ते कसे रांधले, हे लिहिण्यास निराळा धीर लागतो. कारण दुःख सांगितले तर वाचक हळहळतो, आवड सांगितली तर नाक मुरडतो. शाहू पाटोळे यांनी २०१५ च्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात तो धीर दाखविला. मराठवाड्यातील महार-मांगांच्या घरांतील खाणे त्यांनी कृतीसह लिहिले, कोणाची क्षमा न मागता. पुस्तकाचे नाव वाचताच थोडे हसू येते आणि लगेच ओशाळल्यासारखे होते, हेच त्याचे यश. सोमेश्वराची कामाची भाषा आठ-नऊ शतकांनंतर अगदी विरुद्ध टोकाच्या घरातून पुन्हा ऐकू यावी, हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. माणदेशासाठी असे पुस्तक अद्याप आमच्या पाहण्यात नाही.

अशा लेखनाने लोक पुन्हा गलोली व फासे घेऊन रानात जातील, ही भीती आम्हांस पटत नाही. ‘मानसोल्लास’ छापून निघाल्याने कोणी उंदीर तळू लागल्याचे ऐकिवात नाही. भीती बाळगावयाची ती उलट बाजूने. १९७२ पूर्वी ज्या बायांनी हे कालवण आपल्या हातांनी केले, त्या आता वृद्धापकाळाच्या शेवटच्या टोकास आहेत, आणि त्यांच्या सुनांस त्यातले शब्दही ठाऊक नाहीत. माणदेशातले धनगर रात्री मेंढरे कोंडावयास जे जाळे उभे करतात त्यास वाघर म्हणतात. संस्कृतात वागुरा म्हणजे हरणे धरण्याचे जाळे. शब्द टिकला तो मेंढरांमुळे. जाळ्यात सापडलेल्या जनावराचे पुढे काय करीत, त्यासंबंधीच्या शब्दांस असा दुसरा धंदा मिळालेला नाही.