दृष्टीचे आचार्य

कवीच्या काव्याची परीक्षा आपल्याकडे होते, नाटककाराच्या नाटकाची होते, गवयाच्या गायकीचीही होते. परंतु ज्यांनी समाजाला पाहावयास शिकविले, किंबहुना पाहावयास शिकविणारी माणसे ज्यांनी तयार केली, त्या आचार्यांच्या कार्याची चिकित्सा मराठी नियतकालिकांत क्वचितच आढळते. याचे कारण उघड आहे. शब्दाची मातब्बरी आपणांस पिढ्यान्‌पिढ्या पढविली गेली. दृश्य हे मात्र शब्दाचे आश्रित, असे आपण समजत आलो. पुस्तकावरील चित्र, दुकानावरील पाटी, वर्तमानपत्रातील छायाचित्र ही सारी मजकुराच्या पंगतीत अगदी शेवटच्या पानावर बसणारी. वास्तविक आजच्या सुशिक्षित मनुष्याच्या डोळ्यांपुढून दिवसाकाठी वाक्यांपेक्षा दृश्येच अधिक जातात आणि त्यांपैकी बहुतेकांवर तो विचार न करता विश्वास टाकतो. अशा काळी दृक्संवादाचे आणि वृत्तछायाचित्रणाचे शिक्षण आपल्याकडे कोणी उभारले, कोणत्या तत्त्वावर उभारले, आणि त्याचे फळ सामान्य माणसाच्या पदरात कितपत पडले, हे पाहणे साहित्यसमीक्षेइतकेच अगत्याचे आहे.

या शिक्षणाची कसोटी कोठे लावावी? पदव्या, पारितोषिके आणि प्रदर्शनाची दालने ही तिची सोयीची ठिकाणे होत. परंतु आमच्या मते ती सोलापुरातील भवानी पेठेसारख्या ठिकाणी लावली पाहिजे. रूपाभवानीच्या परिसरातील ही वस्ती विणकऱ्यांची आणि व्यापाऱ्यांची. सोलापूर हे चार भाषांचे शहर आहे. मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू या चारही भाषा तेथे घरात बोलल्या जातात आणि चारही लिप्यांना रस्त्यावर उभे राहावे लागते. देवनागरी अक्षर शिरोरेषेला टांगलेले असते. कानडी आणि तेलुगू या लिप्या एकाच कुळातील सख्ख्या बहिणी. परंतु अक्षराच्या माथ्यावरील खूण दोघींची निराळी, आणि एकीचा सराव असलेला रंगारी दुसरीचे अक्षर लिहू लागला म्हणजे तेथेच त्याचा हात चुकतो. उर्दू उजवीकडून येते व नस्तालीक वळणात उतरत्या ओळीने चालते. या चौघींना एका फलकावर असे बसवावयाचे की एकीचा आवाज दुसरीने दाबू नये, आणि रस्त्याने जाणाऱ्या माणसाला क्षणार्धात अर्थ कळावा. दृक्संवाद या जड नावाच्या शास्त्रापुढील खरा प्रश्न तो हा.

या शास्त्राची आपल्याकडील वाटचाल अगदी अलीकडची नाही. मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत १८५५ साली छायाचित्रणाचा वर्ग निघाला होता. १८५७ साली सर जमशेटजी जीजीभाई यांच्या नावाने कलाशाळा सुरू झाली. बडोद्यास १८९० साली त्रिभुवनदास गज्जर यांच्या नेतृत्वाखाली कलाभवन उघडले, आणि तेथे छायाचित्रणाच्या साधनांवर हात बसविणारा एक विद्यार्थी पुढे १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट घेऊन लोकांपुढे आला. दादासाहेब फाळके यांचे नाव सर्वतोमुखी झाले. विद्यार्थ्याला यंत्र हाताळू देणाऱ्या गज्जरांचे नाव फार थोड्यांस ठाऊक आहे. आचार्यांच्या वाट्याला बहुधा असेच विस्मरण येते. जे. जे. कलाशाळेत १९३५ साली व्यावसायिक कलेची शाखा निघाली. तिची घडण करणाऱ्यांत व्ही. एन. आडारकर यांचे नाव प्रथम घेतले पाहिजे. १९६१ साली या शाखेची उपयोजित कलासंस्था म्हणून स्वतंत्र स्थापना झाली. पुढे १९६९ साली पवईच्या तंत्रसंस्थेत सुधाकर नाडकर्णी यांच्या पुढाकाराने औद्योगिक अभिकल्प केंद्र सुरू झाले, आणि जाहिरातीच्या दारातून आत आलेली ही विद्या संशोधनाच्या आसनावर बसली.

या परंपरेतील सर्वांत विचक्षण आचार्य म्हणजे रघुनाथ कृष्ण जोशी. १९३६ साली जन्मलेले जोशी जे. जे. मध्ये शिकले, जाहिरातीच्या व्यवसायात त्यांनी ऐन उमेदीची वर्षे घालविली, आणि १९८३ साली ते पवईस अध्यापक झाले. ते कवीही होते, ही गोष्ट गौण नव्हे. अक्षर म्हणजे रेषांची केवळ जुळणी नसून उच्चाराची आकृती आहे, हा त्यांच्या शिकवणीचा गाभा होता. रोमन मुळाक्षराप्रमाणे आपले अक्षर सुटे नसते. व्यंजन, स्वर, काना, मात्रा, जोडाक्षर अशा घटकांतून ते एका उच्चाराएवढे सिद्ध होते. म्हणून परकीय मुद्राक्षराच्या चौकटीत त्याला कोंबणे म्हणजे ध्वनीचाच संकोच करणे होय, असे त्यांचे मत होते. शिलालेख आणि हस्तलिखिते ही त्यांनी अभ्यासाची सामग्री मानली, आणि वैदिक स्वरचिन्हे संगणकावर उतरविण्याच्या कामातही लक्ष घातले. २००८ साली ते निवर्तले.

त्यांचे सर्वाधिक पाहिले गेलेले आणि सर्वांत कमी ओळखले गेलेले कार्य म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या संगणकप्रणालीबरोबर घरोघरी गेलेली भारतीय लिप्यांची अक्षरे. देवनागरीचे ‘मंगल’ त्यांचे. आणि कानडीचे ‘तुंगा’ व तेलुगूचे ‘गौतमी’ हेही त्यांच्याच मार्गदर्शनाखाली घडले. भवानी पेठेतील एखाद्या हिशेबनिसाने संगणकावर मराठीत बिल केले, शेजाऱ्याने कानडीत पत्र लिहिले आणि तिसऱ्याने तेलुगूत लग्नाचे निमंत्रण जुळविले, तर या तिन्ही लिप्यांवर कित्येक वर्षे एकाच मराठी अध्यापकाची नजर फिरलेली होती! विद्यापीठातील आचार्याचे काम पेठेतल्या माणसाच्या इतक्या जवळ क्वचितच आले असेल.

परंतु गुणग्रहण करताना दोष झाकणे ही समीक्षा नव्हे. ‘मंगल’ हे अक्षर सुवाच्य आहे, प्रामाणिक आहे, आणि नीरसही आहे. जोशींच्या स्वतःच्या कुंचल्यात जो डौल होता, जी श्वासाची लय होती, ती येथे शोधून सापडत नाही. यातील काही भाग अपरिहार्य होता. त्या काळच्या पडद्यावर अक्षर ठिपक्यांच्या जाळीतून उमटे आणि ठिपके मोजकेच असत. सोलापूरच्या विणकऱ्याला ही अडचण समजावून सांगावी लागणार नाही. जकार्डच्या पुठ्ठ्यांवरील छिद्रांनी चादरीची नक्षी ठरते. नाव विणावयाचे झाल्यास वेलांटीची गोलाईदेखील ताण्याबाण्याच्या पायऱ्यापायऱ्यांनीच साधावी लागते. ‘मंगल’ हे त्या जातीचे अक्षर होय. त्याचा उपयोग त्याच्या जागी व्हावयाचा होता. लग्नपत्रिका, सरकारी आदेश, मृत्युलेख आणि मंगल कार्यालयाचा फलक या सर्वांवर तेच एक अक्षर निर्विकारपणे थापले गेले, हा दोष अक्षर घडविणाऱ्याचा कमी आणि निवड करण्याचा कंटाळा असलेल्या आपणा सर्वांचा अधिक. तथापि आचार्यांकडेही याचा काही वाटा जातो. अक्षर घडविण्याची विद्या त्यांनी शिकविली. अक्षर निवडण्याची दृष्टी शाळेपर्यंत, छापखान्यापर्यंत, पाटी रंगविणाऱ्या कारागिरापर्यंत पोचविण्याची व्यवस्था उभी राहिली नाही. रंगाऱ्याच्या हातची पाटी गेली, तिच्या जागी फ्लेक्सचा फलक आला, आणि त्या फलकाला कोणताच गुरू भेटला नाही.

पुढील पिढीने हे अंतर काहीसे कमी केले, हे नमूद करणे न्यायाचे होईल. ‘एक टाइप’ या मुंबईच्या मंडळींनी ‘बलू’ नावाचे अक्षरकुटुंब तयार करून सर्वांना विनामूल्य खुले केले. त्यात देवनागरी, कानडी आणि तेलुगू तर आहेतच, उर्दूसाठीही अक्षर आहे. म्हणजे सोलापूरच्या चारही लिप्या एका वळणात बसविण्याचे साधन आज कोणाही छापखान्यास उपलब्ध आहे. या मंडळींपैकी गिरीश दळवी हे पवईच्या त्याच केंद्रात अध्यापन करतात. नस्तालीकवर प्रेम करणाऱ्या उर्दू वाचकाचे समाधान या अक्षराने होईलच असे नाही. परंतु चौघींना समान आसन देण्याचा हेतू त्यात स्पष्ट दिसतो, आणि तो स्तुत्य आहे.

अक्षराचे असे चांगभले झाले. छायाचित्र मात्र पोरके राहिले. हा आमचा मुख्य आक्षेप आहे. उपयोजित कलेच्या अभ्यासक्रमात छायाचित्रण आले ते मुख्यत्वे जाहिरातीच्या गरजेने. पत्रकारितेच्या वर्गात त्याचा प्रवेश झाला तो बातमीच्या सोबतीला. पहिल्या ठिकाणी वस्तू सुंदर कशी दिसेल हे शिकवितात, दुसऱ्या ठिकाणी घटना चटकन कशी टिपावी हे. जिचे छायाचित्र घेतले त्या व्यक्तीचे आपण काय देणे लागतो, हा प्रश्न दोहोंच्या मध्ये पडून राहतो. भारतातील पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थिनी, परंतु छायाचित्रण त्या शिकल्या माणेकशा व्यारावाला यांच्याकडून, जे पुढे त्यांचे पती झाले. चित्राची बांधणी शाळेत आणि छायाचित्राची विद्या घरी, अशी ती विभागणी होती. त्यांना पद्मविभूषण मिळाले ते २०११ साली, वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षाच्या सुमारास. राष्ट्राने व्यक्तीचा गौरव केला. तिच्यासारख्या दुसऱ्या घडविणारे विद्यापीठ मात्र तिच्याभोवती उभे राहिले नाही.

हा प्रश्न केवळ सौंदर्याचा नाही. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात, ज्याची झळ सोलापूर जिल्ह्यासही फार लागली, मद्रास इलाख्यात विलोबी हूपर या लष्करी अधिकाऱ्याने उपासमारीने हाडांचा सापळा झालेल्या माणसांना रांगेत बसवून त्यांची छायाचित्रे घेतली. पुढे ब्रह्मदेशात मृत्युदंडाच्या क्षणी छायाचित्रे घेतल्याबद्दल १८८६ साली त्याच्यावर ठपका आला. त्याच्या कौशल्याबद्दल कोणासही शंका नव्हती. कॅमेऱ्यापुढच्या माणसाचे त्याला काही देणे वाटत नव्हते, एवढेच.

या ठिकाणी परदेशातील एका आचार्याचे उदाहरण उपयोगी पडेल. अमेरिकेतील मिसुरी विद्यापीठात १९०८ पासून पत्रकारितेचे विद्यालय आहे. तेथे १९४३ साली क्लिफ्टन ईडम यांनी वृत्तछायाचित्रणाचा अभ्यासक्रम उभारण्यास आरंभ केला, आणि १९४९ पासून एक कार्यशाळा सुरू केली. छायाचित्रकारांनी दर वर्षी एखाद्या लहान गावी जावयाचे. विषय निवडावयाचा, त्याची माहिती काढावयाची, आणि तो शिक्षकांनी मान्य केल्यावरच कॅमेऱ्याला हात लावावयाचा. मांडून घेतलेले दृश्य निषिद्ध. शेवटी चित्रांचे प्रदर्शन त्याच गावात, त्याच लोकांपुढे. या अखेरच्या नियमात सारे मर्म आहे. ज्याला स्वतःचे चित्र स्वतःच्या शेजाऱ्यांत उभे राहून पाहावयाचे आहे, त्याच्याशी छायाचित्रकाराला खोटे वागता येत नाही.

आपल्याकडे या मार्गाने जाणारे कोणी नाहीत असे नव्हे. मुंबईच्या सफाई कामगारांचे जीवन वर्षानुवर्षे टिपणारे सुधारक ओलवे यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. ज्यांच्याकडे पाहावयाचे नाही असे समाजाने ठरविले होते त्यांच्याकडे पाहावयास त्यांच्या चित्रांनी भाग पाडले, आणि छायाचित्रणाच्या प्रसारासाठी त्यांनी विश्वस्त संस्थाही स्थापन केली. हे कार्य विद्यापीठाच्या भिंतीबाहेर व्हावे, यात त्यांचे भूषण आणि विद्यापीठांचे न्यून आहे.

यावर असा आक्षेप येईल की, आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, यंत्र तर न घडलेल्या प्रसंगांचीही चित्रे बनवून देते. मग आचार्यांची गरज काय? आम्ही म्हणतो, लेखणी सर्वांच्या हाती आली तेव्हा व्याकरणाची गरज संपली नाही, वाढली. खोटे चित्र सुलभ झाले तेव्हा चित्राची साक्ष तपासणारा डोळा अधिक मोलाचा झाला.

सोलापुरास २००४ साली स्वतंत्र विद्यापीठ मिळाले; २०१९ पासून ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचे नाव धारण करते, आणि तेथे जनसंज्ञापनाचे शिक्षणही दिले जाते. तेथील किंवा अन्य कोणा विद्यापीठातील अध्यापकाने विद्यार्थ्यांसह एक आठवडा भवानी पेठेत काढावा, अशी आमची सूचना आहे. जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेत निघणाऱ्या सात नंदीध्वजांची चित्रे उंचावरून पुष्कळ घेतली जातात; ते ध्वज पेलणाऱ्यांचे चेहरे जवळून पाहावेत. विणकऱ्याचे चित्र माग बंद पडला किंवा आग लागली म्हणजेच छापावे, हा शिरस्ता मोडून चालत्या मागाजवळ बसावे. चित्राखालच्या ओळी चारही लिप्यांत, नीट निवडलेल्या अक्षरांत लिहाव्यात. आणि ते प्रदर्शन पेठेतच मांडून तेथील लोकांनी त्यावर बोलावे, विद्यार्थ्यांनी ऐकावे. असे घडेल त्या दिवशी अक्षर आणि छायाचित्र या दोन विद्या प्रथमच एका छपराखाली आल्या असे म्हणता येईल. तोपर्यंत या आचार्यांचे ऋण मनःपूर्वक मान्य करूनही, त्यांच्या कार्याचा उत्तरार्ध अद्याप लिहावयाचा आहे, असेच म्हणणे प्राप्त आहे.