हवेची उशी कोणाच्या मापाची?

मोटारीतील एअरबॅग हा विषय आता शालेय विज्ञानात चांगलाच रुळला आहे. संवेग शिकवताना तिचे उदाहरण हमखास येते आणि रसायनशास्त्राच्या तासाला सोडिअम अझाइडच्या निमित्ताने पुन्हा एकदा. उत्तर साधारण असे असते: टक्कर होताच संवेदक ठिणगी पाडतो, सोडिअम अझाइडपासून नायट्रोजन तयार होतो, पिशवी फुगते, माणूस मऊ उशीवर आदळतो, संवेग बदलायला लागणारा काळ वाढतो आणि म्हणून बल कमी होते. परीक्षेत याला पूर्ण गुण मिळतात. आमचा आक्षेप असा, की या उत्तरात उशीची रचनाच कुठे नाही. तिचा आकार, शिवण, घडी आणि भोके यांबद्दल अवाक्षर नाही. गेल्या पन्नास वर्षांत या उशीने कोणाला वाचवले आणि कोणाला नाही, हे मात्र पुष्कळदा याच तपशिलांवरून ठरले.

आधी एक ढोबळ हिशेब करू. मोटार ताशी ५० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे १४ मीटर वेगाने जाताना भिंतीवर आदळली. आत बसलेल्याचे डोके जडत्वामुळे त्याच वेगाने पुढे जात राहणार. ते स्टिअरिंगच्या कड्यावर आपटून ३ सेंटिमीटरांत थांबले, तर वेगाचा वर्ग भागिले अंतराची दुप्पट या सूत्राने ऋण त्वरण गुरुत्वत्वरणाच्या सुमारे ३३० पट येते. तेच डोके ३० सेंटिमीटरांत थांबले तर ३३ पट. पहिल्या आकड्यात कवटी टिकणे कठीण, दुसरा आकडा धडधाकट माणूस सोसू शकतो. हा सगळा फरक मधल्या २७ सेंटिमीटरांचा आहे.

मात्र हे अंतर नुसत्या फुगलेल्या पिशवीने मिळत नाही. घट्ट बंद पिशवी स्प्रिंगसारखी वागते. दाबली जाताना ऊर्जा साठवते आणि ती परत करते, म्हणजे डोके मागे फेकते. मागे फेकलेल्या डोक्याच्या संवेगातील बदल थांबलेल्या डोक्यापेक्षा जास्त असतो, हे विद्यार्थ्यांकडून अवश्य काढून घ्यावे. म्हणून समोरच्या उशीला मागच्या बाजूने भोके ठेवतात. डोके टेकले की वायू भोकांतून निसटतो आणि ऊर्जा त्याच्याबरोबर जाते. क्रिकेटमधला झेल घेताना हात मागे नेतात, तसेच हे. वर्गात दाखवायचे असेल तर जाड प्लॅस्टिकच्या दोन सारख्या पिशव्या फुगवून तोंडे बांधा. एकीला टाचणीने दहाबारा भोके पाडा आणि लगेच दोन्हींवर सारख्या उंचीवरून टेनिसचा चेंडू सोडा. उसळीतला फरक मागच्या बाकावरूनही दिसेल.

दुसरी गोष्ट वेळेची. टक्कर ओळखायला १५ ते २० सहस्रांश सेकंद जातात आणि उशी भरायला आणखी सुमारे ३० सहस्रांश. पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो. इतक्या घाईत कापड डबीतून बाहेर येते ते ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास वेगाने. तेव्हा ‘मऊ उशी’ हे वर्णन उशी उघडून झाल्यानंतरचे आहे. उघडताना ती ठोसा असते, आणि पहिल्या पाच ते आठ सेंटिमीटरांत सर्वांत जोरदार. छातीचे मधले हाड आणि स्टिअरिंगचा मध्य यांत किमान २५ सेंटिमीटर अंतर ठेवा, असे चालकांना सांगतात ते यासाठी.

आता प्रश्न असा, की ठोसा किती जोराचा ठेवायचा हे कोणी आणि कशावरून ठरवले?

कल्पना जुनी आहे. अमेरिकेत जॉन हेट्रिक आणि जर्मनीत वाल्टर लिंडरर या दोघांना १९५३ साली तिची एकस्वे मिळाली. दोघांचा भर दाबलेल्या हवेवर होता आणि ती हवा पुरेशा वेगाने पिशवीत शिरेना. ठिणगीने पेटणारे घन रसायन आणि भरवशाचे संवेदक आल्यावर प्रकरण मार्गी लागले. जनरल मोटर्सने १९७४ ते १९७६ या काळात अशा सुमारे दहा हजार मोटारी विकल्या आणि मग तो नाद सोडला.

खरी वादाची गोष्ट पुढची. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला सात अमेरिकनांत जेमतेम एक जण सीटबेल्ट लावत असे. लोक पट्टा लावत नाहीत, तर न लावणाऱ्यालाच वाचवा, असे तिथल्या सरकारी मानकाने ठरवले. चाचणी अशी: पट्टा न लावलेला, सरासरी अमेरिकन पुरुषाच्या मापाचा, म्हणजे सुमारे १७५ सेंटिमीटर उंच आणि ७८ किलो वजनाचा पुतळा आसनावर बसवायचा आणि मोटार ताशी ४८ किलोमीटर वेगाने पक्क्या भिंतीवर आदळवायची. मोकळा सुटलेला ७८ किलोचा देह अडवायचा, तर उशी मोठी हवी, लवकर भरायला हवी आणि कडक हवी. कारखान्यांनी तशी केली. चालकाची अमेरिकन उशी साधारण ६० लिटरांची झाली. रसायनाचा हिशेब पाहा: १३० ग्रॅम सोडिअम अझाइड म्हणजे २ मोल, त्यातून ३ मोल नायट्रोजन, खोलीच्या तापमानाला सुमारे ७२ लिटर. (आजच्या बहुतेक मोटारींत अझाइड उरलेलेच नाही. ते विषारी म्हणून गेले आणि त्याच्या जागी ग्वानिडिन नायट्रेटसारखी द्रव्ये आली. पाठ्यपुस्तकी उत्तराला हेही अजून कळायचे आहे.)

त्याच सुमारास, १९८०च्या अखेरीस, मर्सिडीजने आपल्या मोठ्या मोटारीत उशी बसवली ती पट्ट्याची जोडीदार म्हणून. धड पट्ट्याने धरलेले असते, तेव्हा उशीने फक्त डोके आणि छातीचा वरचा भाग झेलायचा, हा विचार. त्यामुळे युरोपात पुष्कळ ठिकाणी अमेरिकेच्या निम्म्या आकाराच्या उशा चालल्या. भौतिकशास्त्र एकच, पण गृहीत धरलेला माणूस वेगळा, म्हणून उशीही वेगळी. आमच्या मते या विषयात शिकवण्यासारखी सर्वांत मोठी गोष्ट ही आहे, आणि नेमकी तीच कुठे शिकवली जात नाही.

अमेरिकन निवडीची किंमत १९९०च्या दशकात कळली. १९९० ते २००८ या काळात तिथे कमी वेगाच्या टकरींत समोरची उशी उघडल्यामुळेच २९० हून अधिक माणसे दगावली. त्यांतले जवळजवळ ९० टक्के मृत्यू १९९८ पूर्वी बनलेल्या वाहनांतले. बळी पडलेल्यांत मुले पुष्कळ होती आणि स्टिअरिंगला खेटून बसावे लागणाऱ्या बुटक्या स्त्रिया होत्या. ८० टक्क्यांहून अधिक जणांनी पट्टा लावलेला नव्हता किंवा नीट लावलेला नव्हता, हेही खरे. पण उशी तर पट्टा न लावणाऱ्यासाठीच घडवलेली होती! इजा दोन तऱ्हांनी होई. अंग डबीच्या झाकणावरच असेल तर सरळ ठोसा बसे. हनुवटीखाली कापड अडकले तर ताणले जाणारे कापड डोके वर आणि मागे ढकली व मान तुटे. दुसरीकडे याच उशांनी १९८७ ते २०१७ या काळात अमेरिकेत पन्नास हजारांवर प्राण वाचवले, असा तिथल्या रस्ते सुरक्षा खात्याचा अंदाज आहे. तेव्हा उशी वाईट असे आम्ही म्हणत नाही. ती एका मापाची होती, एवढेच आमचे म्हणणे आहे.

सुधारणा झाल्या त्या मापे बदलल्यावर. १९९७ मध्ये चाचणी सौम्य करण्यात आली आणि १९९८ च्या मोटारींत कमी जोराच्या उशा आल्या. मुलांचे मृत्यू झपाट्याने घटले. मोठ्यांचे संरक्षण त्या मानाने फारसे उणावले नाही, म्हणजे आधीचा बराचसा जोर अनावश्यकच होता. २००० साली नवा नियम झाला आणि २००३ ते २००६ दरम्यान तो टप्प्याटप्प्याने लागू झाला. त्यात बुटक्या स्त्रीचा, सहा व तीन वर्षांच्या मुलांचा आणि एक वर्षाच्या बाळाचा असे पुतळे आले. आसनावरचे वजन पाहून उशी बंद ठेवणे किंवा दोन पायऱ्यांत भरणे, हे त्यातूनच आले.

यात खुद्द उशीच्या शिवणकामाला मिळायला हवा तेवढा मान मिळत नाही, म्हणून त्यावर थोडे रेंगाळतो. उशी आतून पट्ट्यांनी शिवली, की ती चेहऱ्याकडे सुळकन लांब न येता थाळीसारखी आडवी पसरते. चार पट्ट्यांचे काम, पण त्याने मानेवरचा धोका बराच घटतो. घडीचेही तसेच. कापड कसे दुमडले यावर ते आधी कडेला पसरेल की थेट समोर येईल हे ठरते. नायलॉनच्या कापडाला पूर्वी निओप्रीनचा जाड लेप देत. पुढे सिलिकोनचा पातळ लेप आला, तर काही उशा बिनलेपाच्याच होऊ लागल्या. कापड हलके झाले, म्हणजे ठोशातले वस्तुमान घटले. प्रवाशासमोरची उशी डॅशबोर्डच्या छातीकडच्या बाजूऐवजी वरून उघडू लागली. ती आधी काचेकडे जाते आणि मग प्रवाशाकडे वळते, त्यामुळे पहिला ठोसा काचेला बसतो. ही युक्ती आम्हाला सगळ्यांत आवडते, कारण तिला ना जादा रसायन लागते ना संगणक.

२००५ मध्ये टोयोटाने लेक्सस मोटारीत दोन कप्प्यांची उशी दिली. मधल्या खळग्यामुळे भार चेहऱ्यावर एकवटत नाही, तो खांद्यांवरही वाटला जातो. होंडाने २०१९ मध्ये तीन कप्प्यांची उशी जाहीर केली. तिचे दोन बाजूचे कप्पे बाहेर झुकलेले असतात आणि त्यांच्यामध्ये शिडासारखे कापड ताणलेले असते. तिरकस टकरीत डोके उशीवरून घसरते आणि गर्रकन फिरते. मेंदूला ते फिरणे नुसत्या धक्क्याइतकेच घातक असू शकते. हे शीड डोक्याला यष्टिरक्षकाच्या हातमोज्यासारखे धरून ठेवते. नुसते सरळ रेषेतले त्वरण मोजत बसले असते, तर ही उशी कोणाला सुचली नसती.

बाजूच्या उशांचा न्याय उलटा. व्होल्व्होने १९९४ मध्ये आसनाच्या बाजूची आणि १९९८ मध्ये खिडकीवरून पडद्यासारखी उतरणारी उशी आणली. मोटार कोलांट्या खाऊ लागली तर पडदा काही सेकंद फुगलेला राहायला हवा, म्हणून त्याला भोके नसतात आणि कापड लेप देऊन वायुरोधक करतात. एकीने गळायलाच हवे, दुसरीने मुळीच गळू नये. वायूंचे नियम शिकवताना ही जोडी उपयोगी पडेल.

ताकाता कंपनीचे प्रकरण उशीचे नसून डबीचे होते, म्हणून त्यावर दोनच वाक्ये. स्वस्त अमोनिअम नायट्रेट उष्णता आणि दमटपणात वर्षानुवर्षे बिघडत गेले, फुटताना धातूची डबीच फोडू लागले आणि एकट्या अमेरिकेत सुमारे ६ कोटी ७० लाख डब्या परत मागवाव्या लागल्या. २०१७ मध्ये कंपनीने दिवाळे जाहीर केले.

आता आपल्याकडे वळू. भारतात चालकासमोरची उशी जुलै २०१९ पासून सक्तीची झाली आणि शेजारच्या प्रवाशासाठी २०२१ मध्ये. सहा उशा सक्तीच्या करण्याचा मसुदा जानेवारी २०२२ मध्ये निघाला आणि सप्टेंबर २०२३ मध्ये तो विचार सोडून देण्यात आला. या काळात वर्तमानपत्रांतली चर्चा काय, जाहिराती काय, सगळीकडे एकच प्रश्न: उशा किती? दोन की सहा? कोणाच्या मापाच्या, हे फारसे कोणी विचारले नाही. अमेरिकन चाचणीतला ‘बुटक्या स्त्री’चा पुतळा सुमारे १५० सेंटिमीटर उंच आणि ४९ किलो वजनाचा आहे. तिथल्या शंभर स्त्रियांत पाचच जणी त्याहून लहान निघतील, असे ते माप. भारतीय स्त्रीची सरासरी उंची सुमारे १५२ सेंटिमीटर. म्हणजे तिथली टोकावरची स्त्री ही आपली जवळजवळ सरासरी स्त्री झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये भारत एनकॅप ही आपली तारांकन योजना सुरू झाली, तेव्हा समोरच्या टकरीच्या चाचणीत पुढच्या दोन्ही आसनांवर सरासरी पुरुषाचे पुतळेच बसवलेले होते. मुलांचे पुतळे मागच्या आसनावर.

प्रत्यक्षात आपली मुले नेहमी मागे बसतात का? डिसेंबर २०२४ मध्ये नवी मुंबईत पुढच्या आसनावर असलेले एक लहान मूल एअरबॅग उघडल्यावर दगावल्याची बातमी आली. मुलाला मांडीवर घेऊन पुढे बसणे हे आपल्याकडे मायेचे लक्षण समजले जाते. उशीच्या दृष्टीने मांडीवरचे मूल म्हणजे डबीच्या अगदी तोंडाशी आलेले डोके. मागे तोंड केलेली बाळाची खुर्ची पुढच्या आसनावर ठेवली, तर तिची पाठ डॅशबोर्डला लागते आणि ठोसा थेट त्या पाठीवर बसतो. म्हणून कित्येक मोटारींत प्रवाशाची उशी किल्लीने बंद करायची सोय असते आणि उन्हाच्या झडपेवर चित्रासह इशारा छापलेला असतो. शाळेसमोर मुलांना सोडायला येणाऱ्या मोटारींपैकी किती जणांनी तो वाचला आहे आणि किती मुले पुढे बसलेली आहेत, याची नोंद नववीचा वर्ग एका आठवड्यात सहज करू शकेल.