पहिला खर्डा

कादंबरी लिहावयास बसणाऱ्या आमच्या सुशिक्षित तरुणांस एक विलक्षण व्याधि जडलेली दिसते. पहिलें प्रकरण लिहावें, तें फाडावें, पुन्हां लिहावें. दुसरें प्रकरण मात्र कधींच उजाडूं नये. कारण विचारावें तर उत्तर ठरलेलें: फ्लोबेर! एका शब्दासाठीं दिवस दिवस झुरणारा तो फ्रेंच कलावंत या मंडळींचें आराध्यदैवतच होऊन बसला आहे.

आमच्या मतें हा फ्लोबेरवर उघड अन्याय आहे. ‘मादाम बोव्हारी’ त्यानें १८५१ च्या सप्टेंबरांत आरंभिली व १८५६ च्या वसंतांत हातावेगळी केली. साडेचार वर्षें! पण एवढा काळ तो लेखणी चावीत बसला नव्हता. त्या कादंबरीचे कच्चे खर्डे रूआँ येथील ग्रंथालयांत जपून ठेविलेले आहेत. एकेक प्रसंग पुन्हां पुन्हां मांडलेला, आडव्यातिडव्या रेघांनीं खोडलेला, समासांत भर घातलेला. आणि अशीं पानें हजारांनीं मोजावीं लागतात. आधीं आराखडा, मग ओबडधोबड मजकूर, मग त्यावर काट. त्याची चिकित्सा कागदावर उतरलेल्या वाक्यावर चाले, मनांतल्या मनांत नव्हे. वाईट वाक्य लिहिण्याची त्यास लाज वाटत नव्हती. तें छापण्याची वाटत होती. आमच्या तरुणांनीं त्याची काट तेवढी उचलली, खर्डे तसेच राहिले.

आपल्याकडील हरिभाऊ आपट्यांचें उदाहरण याच्या अगदीं उलट. १८९० मध्यें ‘करमणूक’ निघालें, आणि ‘पण लक्षांत कोण घेतो?’ या कादंबरीचीं प्रकरणें त्यांतून क्रमशः येऊं लागलीं. छापून वाचकांच्या हातीं गेलेलें प्रकरण मागें घेण्याची सोयच नाहीं! पाल्हाळ व पुनरुक्ति हे दोष त्या कादंबरींत आहेत, आणि भक्तिभावानें ते झांकण्याचें आम्हांस कारण दिसत नाहीं. पुस्तक करतांना कात्री निर्दयपणें चालली असती तर बरें झालें असतें. परंतु यमू आपली कहाणी आठवेल तशी सांगते, मध्येंच थबकते, पुन्हां मागें जाते. तिच्याजवळ पहिल्याच पानापासून कोणी मास्तर लाल शाई घेऊन बसला असता, तर ती बिचारी माहेरच्या अंगणांतच अडकून पडली असती. (मास्तर हा शब्द आम्ही जाणूनबुजूनच वापरीत आहों.)

शिवाय, पहिलें प्रकरण निर्दोष आहे कीं नाहीं, हें शेवटचें लिहिल्यावांचून ठरावें कसें? ज्या घराचा आढा अजून चढला नाहीं, त्याच्या उंबरठ्यावर नक्षी कोरीत बसण्यासारखेंच हें.

आमच्याही पेटींत एका कादंबरीच्या पहिल्या प्रकरणाच्या अकरा प्रती आहेत. दुसरें प्रकरण नाहीं. तीस वर्षें दुसऱ्यांच्या निबंधांतील चुका काढण्यांत गेलीं, त्याचा हा प्रसाद असावा. गेल्या सुटींत त्या काढून ओळीनें वाचल्या. अकराव्या प्रतींत एकही शब्द हलवितां येणार नाहीं. मात्र तिच्यांत एकही माणूस हलत नाहीं. पहिल्या प्रतींत व्याकरणाच्या दोन ढोबळ चुका आहेत, आणि एक म्हातारी ओसरीवर बसून, सुनेला ऐकूं जाईल अशा बेतानें, देवाशीं भांडते आहे. कथानकास अनावश्यक म्हणून ती आम्ही दुसऱ्या प्रतींतच गाळली होती.