‘दिवास्वप्न’ आणि एका भावी शिक्षिकेची टाचणवही

गिजुभाई बधेका यांचे ‘दिवास्वप्न’ मी पहिल्यांदा वाचले ते बी.एड. करीत असताना, काशिनाथ त्रिवेदी यांच्या हिंदी अनुवादातून. परीक्षेपुरते वाचले आणि परीक्षेपुरताच भारावलो. यंदा ते पुन्हा हाती घेतले, त्याला निमित्त झाल्या आमच्या शाळेत सरावपाठांसाठी आलेल्या एक बाई. २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि त्यांतले वीस आठवडे शाळेत काढावे लागू लागले. पूर्वीची ही मंडळी पाठ घेऊन बसस्टँड गाठायची. आता ती आपल्यातलीच होतात.

या बाईंनी टाचणवहीच्या पहिल्याच पानावर लिहिले होते की, पडदा, प्रोजेक्टर आणि मोबाइल वर्गात आले म्हणजे मुलांची सर्जनशीलता आपोआप फुलेल. मी समासात लाल शाईने ‘दिवास्वप्न वाचावे’ एवढेच लिहिले. त्यात थोडी कुचेष्टा होती, हे कबूल करतो. नंतर लक्षात आले की, आपल्यालाही ते पुस्तक नीटसे आठवत नाही. मग कपाटातून काढले.

१९३२ साली गुजरातीत निघालेले हे छोटेसे पुस्तक. गिजुभाई मूळचे वकील. वकिली सोडून ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत आले आणि १९२० मध्ये तिथे बालमंदिर उघडले. पुस्तकातला शिक्षक मात्र काल्पनिक आहे. तो शिक्षणखात्याच्या साहेबांकडून चौथीचा एक वर्ग वर्षभरासाठी मागून घेतो आणि आपले प्रयोग करतो. गोष्टी, खेळ, नाटक, वर्गाचे स्वतःचे वाचनालय असा सारा पसारा. पण पुस्तकाची खरी ताकद पहिल्या दिवसाच्या वर्णनात आहे. हा उत्साही गृहस्थ माँटेसरी वाचून आलेला. मुलांना शांततेचा खेळ खेळायला बसवतो, आणि वर्गात असा काही गोंधळ माजतो की, त्याला मुलांना सोडून द्यावे लागते. घरून बेतून आणलेले सगळे फसते. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगायला लागतो आणि तीच मुले सरकत सरकत जवळ येतात.

शिक्षणावरच्या पुस्तकांत लेखक स्वतःची अशी फजिती क्वचितच मांडतात. म्हणूनच पुढची पाने तितकी उतरत नाहीत, असे या वाचनात वाटले. गोष्टीची मात्रा एकदा लागू पडली की, हा शिक्षक फारसा हरतच नाही. विरोध करणारे सहशिक्षक आणि मुख्याध्यापक हे उत्तर ऐकून गप्प बसण्यापुरतेच पुस्तकात येतात. (मी स्वतः मुख्याध्यापक असल्यामुळे त्या बिचाऱ्याबद्दल मला जरा जास्तच कळवळा असेल, वाचकांनी तेवढे वजा करावे.) शिवाय हा शिक्षक वर्षाचा पाहुणा आहे, पाठीशी साहेब आहेत. पुढच्या जूनमध्ये त्या वर्गाचे काय होते, हे पुस्तक सांगत नाही.

आता बाईंचा पाठ. नववीचा वर्ग, चाळीस मुले. त्यांनी खपून चलच्चित्रांची एक गोष्ट पडद्यावर दाखवली. पाच मिनिटांत वर्ग असा चिडीचूप की, मी व्हरांड्यातून जाताना थबकलो. जी शांतता गिजुभाईंच्या शिक्षकाला मिळाली नाही, ती इथे एक बटण दाबताच आली होती. मी खूश होऊन पुढे गेलो. दुसऱ्या दिवशी बाई वह्यांचा गठ्ठा घेऊन आल्या. ‘गोष्टीचा शेवट तुम्ही बदलून लिहा’ असे सांगितले होते. अठ्ठावीस वह्यांत शेवट तोच होता, पडद्यावरचा. नायकाच्या सदऱ्याचा रंगसुद्धा तोच.

‘‘सर, गोष्ट ऐकली असती तर प्रत्येकानं आपापला सदरा घातला असता ना त्याला?’’ बाई म्हणाल्या. ‘दिवास्वप्न’वरची इतकी नेमकी टीका मी एम.ए.च्या वर्गातही ऐकली नव्हती. गोष्ट ऐकताना मुलाला निम्मे काम स्वतःच करावे लागते. पडदा ते काम त्याच्याकडून काढून घेतो. मग मी समासात काही लिहिले नाही.

पण एवढ्यावरून यंत्राला दोष देऊन मोकळे होणे बरे नव्हे. माँटेसरीची साधने हेही त्या काळचे तंत्रज्ञानच होते, तेही महागडे. गिजुभाईंच्या सहकारी ताराबाई मोडक पुढे बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला आदिवासी मुलांत गेल्या, तेव्हा त्यांनी व अनुताई वाघांनी शिंपले, बिया, खडे, पाने यांचीच साधने केली. तत्त्व ठेवले, वस्तू बदलली. यंत्र कोणाच्या हातात आहे आणि त्यातून काय निघते, हे पाहण्याची ही रीत मला ‘दिवास्वप्न’पेक्षाही पुढची वाटते.

आमच्या सीमाभागात तर हा प्रश्न आणखी अवघड. ‘दिवास्वप्न’मधल्या वर्गाला भाषेचा पेच नाही, घरी गुजराती, शाळेत गुजराती. आमचा मुलगा घरी मराठी बोलतो, बाजारात कन्नड, आणि पडद्यावर त्याला बहुधा इंग्रजी भेटते. ‘बालभारती’च्या पुस्तकांतल्या क्यूआर कोडमागचे पाठ मराठीत असतात, पण आमचा अभ्यासक्रम कर्नाटकाचा, धडे वेगळे. म्हणजे मराठी आहे पण आमचे नाही, आणि आमचे आहे ते मराठीत सापडत नाही. पालक हे पाहतात आणि धाकट्याला इंग्रजी शाळेत घालतात. वर्गाचा पट दरवर्षी उतरतो, त्याच्यापुढे गिजुभाईंच्या गोष्टी काय करणार?

बाईंनी जे केले ते असे. त्यांनी प्रोजेक्टर बाजूला ठेवला आणि मुलांना सांगितले की, घरातल्या मोबाइलवर आजीची किंवा आजोबांची एक गोष्ट ध्वनिमुद्रित करून आणा, जशी सांगतील तशी. सोमवारी वर्गात एकेक गोष्ट लागली. एक आजी मराठीत सुरुवात करून राक्षस आला की कन्नडवर उतरत होती. राक्षस कन्नडच बोलतो, असे तिचे म्हणणे. वर्ग हसला, मग भांडला. एकाने विचारले, अडकित्ता, अक्का, अण्णा हे शब्द आपले की त्यांचे? बाईंना उत्तर देता आले नाही, मला बोलावले. हे शब्द कन्नडातून आपल्याकडे आले आणि आपलेच झाले, असे मी सांगितले, तर मागच्या बाकावरून प्रश्न आला, ‘‘मग परीक्षेत लिहिलं तर चालेल?’’ गोंगाट इतका होता की, शेजारच्या वर्गातले गणिताचे सर दारात येऊन उभे राहिले.

पुस्तकातला मुख्याध्यापक अशा वेळी काय म्हणाला असता ते मला ठाऊक होते. मी सरांना म्हटले, ‘‘दहा मिनिटं सांभाळून घ्या.’’ त्यांना ते पटले नाही, आणि त्यांचेही खरे होते. त्यांच्याकडे दहावीचा वर्ग होता.

बाईंचे आठवडे संपले. जाताना त्यांनी ‘दिवास्वप्न’ परत केले. आत पेन्सिलीच्या खुणा होत्या, वाचनालयाच्या पुस्तकात करू नयेत अशा. बहुतेक खुणा पहिल्या दिवसाच्या फजितीच्या पानांवर होत्या. शेवटच्या मेळाव्याची पाने अगदी कोरी होती.