शक्ती इंजिनात असते का?

(भंडारा इथल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन)



मागच्या वेळी व्याख्यान संपल्यावर चहा पिता पिता एका तरुण श्रोत्यानं मला विचारलं, "सर, न्याय आणि मीमांसा यांचा वाद तुम्ही छान सांगितला, पण रोजच्या व्यवहारात याचं करायचं काय?" मी तेव्हा हसून वेळ मारून नेली. घरी आलो तर पुण्याहून मुलाचा फोन. त्याला गाडी घ्यायची होती. गाडी ठरली होती, फोक्सवॅगनची व्हर्टस. अडलं होतं ते इंजिनापाशी. एक लिटरचं घ्यावं की दीड लिटरचं? मला वाटलं, त्या श्रोत्याचं उत्तर इथंच आहे. म्हणून आज गाडीवर बोलणार आहे. दर्शन मागच्या दारानं येईलच.

आधी वस्तुस्थिती. ही गाडी पुणे जिल्ह्यात चाकणला बनते. २०२२ साली बाजारात आली तेव्हापासून तिला दोन इंजिनं आहेत. छोटं ९९९ सीसीचं, तीन सिलिंडरचं, ११५ अश्वशक्तीचं. मोठं १४९८ सीसीचं, चार सिलिंडरचं, १५० अश्वशक्तीचं. दोन्ही पेट्रोलची, दोन्ही टर्बो. मोठ्या इंजिनाच्या गाडीवर 'जीटी' अशी अक्षरं असतात. आता काटेकोर बोलायचं तर ही स्पोर्ट्स कार नाही, चार दारांची घरगुती गाडी आहे. पण मोठ्या इंजिनाची गाडी विकली जाते ती स्पोर्ट्स कारच्या नावानंच, आणि घेणारा घेतोही त्याच भावनेनं. तेव्हा आपणही तिच्याकडं तसंच पाहू.

या दोन गाड्यांवर जी समीक्षा होते ती मी महिनाभर वाचली, ऐकली. माझी तक्रार अशी आहे की बहुतेक समीक्षा म्हणजे आकडे वाचून दाखवणं असतं. मोठं इंजिन म्हणजे 'खरी' गाडी आणि छोटं म्हणजे तडजोड, हे आधीच धरलेलं असतं. मग ज्याच्याकडं पैसे आहेत त्यानं मोठं घ्यावं, नाहीत त्यानं छोटं, की झाला निकाल! याला समीक्षा म्हणता येत नाही. हा तर दरपत्रकाचा अनुवाद झाला. समीक्षेनं आधी विचारायला हवं की ज्याची आपण मोजणी करतोय ती शक्ती राहते कुठं?

इथं आपले जुने लोक मदतीला येतात. मीमांसक म्हणत की शक्ती हा वेगळा पदार्थ आहे. त्यांचं उदाहरण अग्नीचं. अग्नी जाळतो. पण जवळ एक विशिष्ट मणी ठेवला तर तोच अग्नी जाळत नाही. अग्नी तर तसाच दिसतो. मग गेलं काय? त्याची दाहशक्ती अडली. म्हणजे अग्नी वेगळा आणि त्याच्यात बसलेली शक्ती वेगळी. नैयायिकांना हे पटत नाही. उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत याचं खंडन केलंय. ते म्हणतात, अग्नीच्या आत शक्ती नावाचं आणखी काही बसलेलं मानायची गरजच नाही. कार्य घडतं ते सगळी कारणसामग्री जुळल्यावर. इंधन हवं, अग्नी हवा, आणि अडवणारं काही नको. हे 'अडवणारं नसणं' सुद्धा सामग्रीचाच भाग आहे.

आता शोरूममध्ये या. तिथला विक्रेता मीमांसक असतो. तो म्हणतो, "साहेब, दीडशे अश्वशक्ती आहे यात!" म्हणजे पेटीत गूळ ठेवावा तशी ती आत ठेवलेली आहे. मी नैयायिकाच्या बाजूचा. संध्याकाळी हिंजवडीच्या रांगेत उभ्या असलेल्या गाडीला ११५ काय आणि १५० काय! पुढचा टेम्पो हाच तिथला मणी.

पण सामग्रीत काय काय येतं ते नीट पाहू, नाहीतर हा नुसता विनोद होईल. पहिली गोष्ट गिअरबॉक्स. आपल्या भंडाऱ्याच्या माणसाला हे कुणी सांगायला नको. आपल्याच जिल्ह्यात, गडेगावला, अशोक लेलँडच्या कारखान्यात गिअरबॉक्स बनतात. इंजिनाचा जोर चाकापर्यंत पोचतो तो गिअरमधून. छोट्या इंजिनाचा जोर १७८ न्यूटन मीटर, मोठ्याचा २५०. पण छोट्या गाडीवाल्यानं वेळेवर तिसरा गिअर टाकला, तर पाचव्या गिअरमध्ये आळसावलेल्या मोठ्या गाडीपेक्षा त्याच्या चाकाला जास्त जोर मिळतो. फक्त इंजिन १७५०च्या वर फिरत असायला हवं, कारण छोट्याचा पूर्ण जोर तिथून पुढं मिळतो. म्हणजे चालवणाऱ्याचा डावा हात हाही सामग्रीचा भाग झाला. मोठं इंजिन काय करतं? ते या हाताचं काम कमी करतं. त्याचा उपयोग आहे, मी नाकारत नाही. पण तो उपयोग 'वेगाचा' नसून 'सवडीचा' आहे, हे कुणी सांगत नाही.

दुसरी गोष्ट वजन. जपानच्या माझदा कंपनीची एमएक्स-५ नावाची दोन सीटची उघडी गाडी आहे. ही मात्र अस्सल स्पोर्ट्स कार. आपल्याकडं विकायला नाही. २०१५च्या सुमारास तिची नवी पिढी आली तेव्हा अमेरिकेला दोन लिटरचं इंजिन मिळालं, युरोपात दोन्ही मिळाली, पण जपानमध्ये, म्हणजे तिच्या माहेरी, कापडी छताच्या गाडीला दीड लिटरचंच इंजिन दिलं. सगळ्यात साधी गाडी तर हजार किलोच्याही आत बसवली. ज्यांनी ती घडवली त्यांनी आपल्या घरी छोटं इंजिन ठेवलं, हे मला फार बोलकं वाटतं. हलक्या गाडीत छोटं इंजिन पूर्ण पिळून वापरता येतं, तेही पोलिसांनी न अडवता. तिथं छोटं इंजिन ही तडजोड नाही. बाकीची सामग्री त्याच्याच मापानं शिवलेली आहे.

तिसरी गोष्ट रस्ता. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. तिथं कारची वेगमर्यादा ताशी १२०. दोन्ही इंजिनं तिथपर्यंत आरामात जातात आणि दोघांनीही तिथं थांबायचं असतं. फरक कुठं पडतो? नागपूर सोडून आपण आतल्या दुपदरी रस्त्याला लागलो, गाडीत चार माणसं, डिकीत दिवाळीचं सामान, एसी चालू, पुढं धानाचा ट्रक. त्याला ओलांडताना समोरच्या बाजूला जितके कमी सेकंद तितकं बरं. इथं मोठ्या इंजिनाची राखीव ताकद खरोखर कामाला येते. जे वर्षातून चारदाच वापरतो ते वाया गेलं, असं म्हणता येत नाही. घरातली शिडीही रोज वापरत नाही आपण.

आता मला एक कबुली द्यायची आहे. तिच्यावाचून आजचं बोलणं खोटं ठरेल.

नोव्हेंबर २००१ मध्ये बजाजची पल्सर आली. एकदम दोन इंजिनांत, १५० आणि १८०. एक बारा अश्वशक्तीची, दुसरी पंधरा. जाहिरातीत तर गाडीला चक्क पुरुष ठरवलं होतं. माझा मुलगा तेव्हा नागपूरला इंजिनिअरिंगला होता. पुढच्या वर्षी त्यानं १८० मागितली. मी म्हटलं, नाही, १५०. तो म्हणाला, "काहून बाबा?" मी त्याला गरजा, संयम, अपरिग्रह, सगळं ऐकवलं. तो ऐकून घेऊन गप्प बसला. गाडी आली, १५०.

त्या पावसाळ्यात रोवणीचे दिवस होते. चिखलणी करून बांधीतून निघालेला ट्रॅक्टर डांबरी रस्त्यावर चिखल सांडत जातो, तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. संध्याकाळी घरी येताना मुलगा त्या चिखलावरून घसरला. वेग चाळीसच्या आसपास. गळ्याजवळचं हाड मोडलं. दवाखान्यात त्याच्या खाटेपाशी बसलो तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी त्याला तीन अश्वशक्ती कमी दिल्या होत्या आणि तेवढ्यानं तो सुरक्षित झाला असं मानलं होतं. ओल्या मातीवर ब्रेक कसा दाबायचा हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. मी तर नाहीच. वर्गात मी नैयायिक होतो आणि घरी पक्का मीमांसक. मला वाटत होतं की धोकाही इंजिनात राहतो, सीसी कमी केले की धोका कमी.

आणि खरं सांगू? मी जे संयम म्हणून सांगितलं ती माझी भीती होती. भीती वाटते, असं बापानं सरळ सांगितलं असतं तर पोरानं कदाचित गाडी हळू चालवली असती. मी भीतीला तत्त्वज्ञानाचा सदरा घातला.

म्हणून या वेळी मुलानं फोनवर म्हटलं, "बाबा, सेफ्टीसाठी मोठं इंजिन घेतो", तेव्हा मी त्याला थांबवलं. म्हटलं, २०२३ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत तुझ्या या गाडीला पाच तारे मिळाले, ते तिच्या सांगाड्याला आणि एअरबॅगला मिळाले. त्यात अश्वशक्ती मोजलेली नाही. ओलांडताना सोपं जाईल म्हणतोस, ते मान्य. पण वर्षातल्या त्या चार फेऱ्या सोडल्या तर बाकी काय? तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "बाकी मजा येते, बाबा. पाय दाबला की गाडी झेपावते." मी म्हटलं, हेच सांग! मजा हे कारण आहे. चांगलं कारण आहे. फक्त त्याला सुरक्षिततेचा सदरा घालू नकोस, जसा मी भीतीला संयमाचा घातला होता. मजेसाठी काही लाख जास्त देतोय हे माहीत असलेला माणूस ती मजा कुठं घ्यायची आणि कुठं नाही, हे जपतो. सुरक्षिततेसाठी दिलेत असं समजणारा मात्र प्रत्येक ट्रक ओलांडायला जातो.

करांचंही असंच आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून पेट्रोलच्या छोट्या कारवर अठरा टक्के जीएसटी, बाकीच्यांवर चाळीस. छोटी म्हणजे चार मीटरच्या आत आणि १२०० सीसीपर्यंत. ही गाडी साडेचार मीटरची, तेव्हा छोट्या इंजिनालाही चाळीसच टक्के. तिथंही नुसतं इंजिन पाहून भागत नाही. मायलेजचंही तसंच. कमी भार असताना मोठं इंजिन दोन सिलिंडर बंद ठेवतं, त्यामुळं छोटं म्हणजे हमखास काटकसरी हेही गृहीत धरू नका.

तर माझा निकाल. तो न देता उठलो तर तुम्ही मला सोडणार नाही. एकटा-दुकटा शहरात फिरणारा, गिअर हातानं टाकण्यात ज्याला रस आहे, त्यानं एक लिटरचं मॅन्युअल घ्यावं. मी घेतलं असतं तर तेच घेतलं असतं. त्यातलं सगळं वापरून होतं आणि चालवणाऱ्याला आपलं काहीतरी घालावं लागतं. भरल्या गाडीनं वारंवार लांब जाणाऱ्यानं दीड लिटरचं घ्यावं आणि उरलेल्या ताकदीशी भांडत बसू नये. पण दोघांनीही शोरूमच्या मोकळ्या रस्त्यावर एकट्यानं गाडी पाहू नये. घरची माणसं बसवून, एसी लावून, आपल्या नेहमीच्या रस्त्यावर न्यावी. सामग्री पूर्ण जुळल्याशिवाय परीक्षा होत नाही.

मुलानं दीड लिटरचं घेतलं. दिवाळीला सगळे आले. बांध्यांत कापणी चालू होती आणि एका वळणावर रस्त्यावर ट्रॅक्टरचा चिखल होता. मी शेजारी बसलो होतो. काही बोललो नाही. त्यानं आधीच पाय काढला होता.

एवढंच. थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.