प्रस्तावना आणि दरपत्रक

मी इतिहासाचा पंडित नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला, मुलांना शिकवून उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा मास्तर. तरीही रोमन सम्राट डायोक्लेशियन याने इ. स. ३०१ मध्ये काढलेल्या दर-हुकुमाचे इंग्रजी भाषांतर वाचून वाटले, याकडे लेखन म्हणूनही पाहिले पाहिजे. त्याची प्रस्तावना एकाने आणि दरपत्रक दुसऱ्याने लिहावे, इतके दोहोंचे सूर निराळे आहेत.

प्रस्तावना आलंकारिक आहे. सैन्य जाईल तेथे भाव चौपट-आठपट नव्हे, शब्दांत न मावण्याइतके चढतात; एका खरेदीत शिपायाचा पगार आणि बक्षिसी संपते, असा तिचा आक्रोश. दोष कोणाचा? विक्रेत्याच्या हावेचा. शिक्षा? देहान्त. परंतु ऑगस्टसच्या काळी जवळजवळ शुद्ध असलेली नाण्यातली चांदी तिसऱ्या शतकात नावापुरती का उरली, याविषयी चकार शब्द नाही. त्याच वर्षी सम्राटाने काही नाण्यांची दर्शनी किंमत हुकुमाने दुप्पट केली, तिचाही उल्लेख नाही.

दरपत्रक मात्र कोणाला शिव्या देत नाही. शेतमजुराला जेवण आणि रोज २५ दिनार. लष्करी मापाने एक माप गहू १०० दिनार. म्हणजे मजुराची चार दिवसांची कमाई. न्हाव्याला एका माणसामागे २ दिनार. अक्षरे शिकवणाऱ्या मास्तराला दर मुलामागे महिना ५० दिनार. मी हिशेब केला: मजुराचा तीस दिवसांचा रोकड रोज मिळवायला मास्तराला पंधरा मुले हवीत, आणि जेवण त्याचे त्यालाच पाहायचे! उत्तम अक्षराच्या शंभर ओळींना लेखनिकास २५ दिनार आहेत; त्या ओळी रचणाऱ्याचा दर मला आढळला नाही.

या हुकुमाचे पुढे काय झाले, ते लॅक्टँशियसने लिहून ठेवले आहे. तोही मास्तरच, वक्तृत्व शिकवायला याच सम्राटाने त्याला निकोमिडियास बोलावले होते. क्षुल्लक वस्तूंपायी रक्त सांडले, भीतीने माल बाजारातून नाहीसा झाला, महागाई वाढली आणि अखेर कायदा मागे घ्यावा लागला, असे तो म्हणतो. पण तो ख्रिस्ती होता, आणि ख्रिस्त्यांचा छळ करणाऱ्या सम्राटाचा वैरी. त्याच्या मते महागाईचे मूळ सम्राटाचीच हाव!

सम्राटाला खलनायक हवा होता, तसा मास्तरालाही. हा मोह मी ओळखतो. गावातल्या दारिद्र्याची कथा लिहिताना मीही एक सावकार उभा करून मोकळा झालो होतो. वाचक रडले, पण दारिद्र्य का आले हे त्यांना कळले नाही. हाव सर्व काळी असते. मग भाव याच काळी का भडकले, हा प्रश्न दोघेही टाळतात.

म्हणून माझे मत असे की, प्रस्तावना आधी न वाचता दरपत्रक आधी वाचावे. वक्तृत्व जिथे थांबते, तिथे माणसे दिसू लागतात.