ऑनलाइन वैद्यकीय सल्ला आणि डॉक्टरांची कर्तव्ये : २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांची बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात समीक्षा

प्रस्तावना :

रुग्णाची प्रत्यक्ष तपासणी हा वैद्यकीय निदानाचा पाया मानला जातो. दूरध्वनीवरून औषध सांगण्याची प्रथा आपल्याकडे जुनी असली तरी तिला स्पष्ट वैधानिक चौकट नव्हती. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मार्टिन डिसूझा खटल्यात आणीबाणीचा प्रसंग वगळता दूरध्वनीवरून औषध सांगणे टाळावे, असे मत व्यक्त केले. रत्नागिरी येथील एका प्रसूतिपश्चात मृत्यूच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये संबंधित डॉक्टरांना अटकपूर्व जामीन नाकारला. डॉक्टर गावात नसताना दूरध्वनीवरून दिलेल्या सूचनांनुसार झालेले उपचार हा तेथे कळीचा मुद्दा होता. हा आदेश दोषसिद्धीचा निर्णय नव्हता. तरीही त्यामुळे वैद्यकीय क्षेत्रात मोठी अस्वस्थता निर्माण झाली. या पार्श्वभूमीवर २५ मार्च २०२० रोजी, कोरोना टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, दूरवैद्यकीय सेवेची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर झाली व ती २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेस जोडण्यात आली. प्रस्तुत लेखात या तत्त्वांचे परीक्षण बुलढाणा जिल्ह्याच्या परिस्थितीच्या आधारे केले आहे.

मार्गदर्शक तत्त्वांचे स्वरूप :

या तत्त्वांचा गाभा डॉक्टरांचा व्यावसायिक विवेक हा आहे. ऑनलाइन सल्ला पुरेसा आहे की रुग्णास प्रत्यक्ष बोलवावे, हे डॉक्टरांनीच ठरवावयाचे आहे. डॉक्टर व रुग्ण या दोघांची ओळख पटणे, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक औषधचिठ्ठीवर असणे, सल्ल्याची नोंद जतन करणे आणि स्वाक्षरीची चिठ्ठी रुग्णास पाठविणे ही कर्तव्ये स्पष्टपणे सांगितली आहेत. औषधांची वर्गवारीही करण्यात आली आहे. काही औषधे कोणत्याही माध्यमातून देता येतात, काहींसाठी पहिल्या भेटीत दृक्‌श्राव्य संवाद आवश्यक ठरतो, तर अंमली व मनोप्रभावी द्रव्ये पूर्णतः निषिद्ध आहेत. कृत्रिम बुद्धिमत्तेने स्वतंत्रपणे सल्ला देऊ नये अथवा औषध लिहू नये, हा निर्बंध आज अधिकच दूरदर्शी वाटतो.

संमतीचा प्रश्न :

रुग्णाने स्वतः संपर्क साधल्यास त्याची संमती गृहीत धरली जाते; आरोग्य कर्मचारी किंवा काळजीवाहक यांनी संपर्क साधल्यास स्पष्ट संमती घ्यावी लागते. कागदावर हा भेद सुबोध आहे. परंतु २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे २५.८६ लाख लोकसंख्येच्या या जिल्ह्यात जवळपास ७९ टक्के लोक ग्रामीण भागात राहतात, आणि खेड्यात भ्रमणध्वनी बहुधा व्यक्तीचा नसून घराचा असतो. सून आपला अंगावर जाण्याचा त्रास सांगत असताना फोन दिराच्या हातात असेल, तर संपर्क कोणी साधला आणि संमती कोणाची, याचे उत्तर तत्त्वांमध्ये सापडत नाही. अशा वेळी डॉक्टरांनी प्रथम रुग्ण एकटा बोलू शकतो काय, हे विचारणे ही किमान सद्‌वर्तनाची अट ठरावी. गोपनीयतेची खरी कसोटी येथेच लागते.

स्थानिक ज्ञानाची आवश्यकता :

जिल्ह्याच्या उत्तरेकडील संग्रामपूर, जळगाव जामोद हे तालुके पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात येतात. तेथील मूत्रपिंडाच्या विकारांचा प्रश्न अनेक वर्षांपासून चर्चेत आहे. दूरच्या शहरात बसलेल्या डॉक्टरांनी अंगदुखीची तक्रार ऐकून नेहमीचे वेदनाशामक लिहून दिले, तर चौकटीतील सर्व नियम पाळूनही अपाय होऊ शकतो. कारण अशा अनेक औषधांचा ताण मूत्रपिंडावर पडतो. ‘पिण्याचे पाणी कोठले?’ हा एक प्रश्न येथे रक्ततपासणीकडे नेणारा ठरतो. रुग्णाचा इतिहास घ्यावा, असे तत्त्वे सांगतात. त्याच्या भूगोलाची विचारणा मात्र त्यांत ठळकपणे येत नाही.

याहून बोलके उदाहरण शेगाव तालुक्यातील आहे. डिसेंबर २०२४ व जानेवारी २०२५ मध्ये बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांत अनेकांचे केस अचानक गळू लागले. एकट्या रुग्णाच्या छायाचित्रावरून ही तक्रार बुरशीजन्य संसर्ग किंवा शाम्पूचा दुष्परिणाम म्हणून निकाली निघणे सहज शक्य होते. प्रत्यक्षात पथकांनी गावात जाऊन रुग्ण तपासले, पाण्याचे नमुने घेतले, पुढे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी गव्हातील सेलेनियमच्या अतिरिक्त प्रमाणाकडे लक्ष वेधले. पडद्यावर एक रुग्ण दिसतो, गाव दिसत नाही, ही ऑनलाइन सल्ल्याची मूलभूत मर्यादा या घटनेने अधोरेखित केली.

मध्यस्थ आरोग्य कर्मचारी :

केंद्र शासनाच्या ई-संजीवनी सेवेत उपकेंद्रावरील समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाच्या वतीने डॉक्टरांशी जोडले जातात. ही पद्धत थेट फोनवरील सल्ल्यापेक्षा सुरक्षित मानावी लागेल. कारण रक्तदाब मोजणारा, सूज दाबून पाहणारा हात तेथे उपलब्ध असतो. मात्र निदान चुकल्यास जबाबदारी अंतिमतः डॉक्टरांवरच येते. म्हणून कर्मचाऱ्याने काय पाहिले आणि डॉक्टरांनी काय ऐकले, या दोहोंची स्वतंत्र नोंद होणे उभयतांच्या हिताचे आहे. खरीप हंगामातील सर्पदंश व फवारणीची विषबाधा यांत तर प्रथमोपचार सांगून रुग्णास विनाविलंब रुग्णालयात पाठविणे, एवढीच ऑनलाइन सल्ल्याची योग्य सीमा होय.

निष्कर्ष :

ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नवी आचारसंहिता जाहीर केली आणि त्याच महिन्यात ती स्थगित केली. त्यामुळे सुधारणेची संधी लांबणीवर पडली. २०२० च्या तत्त्वांनी डॉक्टरांना भयमुक्त केले, हे त्यांचे श्रेय निर्विवाद आहे. तथापि त्यांची रचना स्वतःचा फोन, स्वतःचा एकांत आणि जवळचे रुग्णालय असलेला नागरिक गृहीत धरून झालेली दिसते. लोणारच्या किंवा सातपुड्याच्या पायथ्याच्या रुग्णाजवळ यांपैकी काहीच नसेल, तर नियमांचे पालन व रुग्णाचे हित यांत अंतर पडते. हे अंतर पुढील नियमावली भरून काढीपर्यंत ‘मला हा रुग्ण पुरेसा दिसला काय?’ हा प्रश्न प्रत्येक सल्ल्याच्या शेवटी डॉक्टरांनी स्वतःला विचारणे, आणि उत्तर नकारार्थी असल्यास औषध न लिहिता प्रत्यक्ष तपासणीची चिठ्ठी लिहिणे, हेच सद्‌वर्तनाचे सार होय.